कुंताआत्याच्या मांडीवर

कुंताआत्या येणार हे पक्कं झालं तेव्हापासून चंद्रकांतेच्या हाताला सुईचा चाळाच लागला होता. तान्ह्या लेकीच्या, छबीच्या, पांढऱ्या झबल्याला काठ घालून झाला, टोपीला नाडी लावून झाली, दुपट्याच्या कडा उसवून पुन्हा दुमडून झाल्या. शेवटी सासूबाई, गोदावरीबाई, म्हणाल्याच, “अवं माय, पोरीचा बाप्तिस्मा हाये, लगन नाई.”

चंद्रकांता हसली. हसता हसता तिनं झबलं घडी करून उशाशी ठेवलं. त्याच्या आतल्या पट्टीत तिनं काळा दोरा शिवून टाकला होता, दोऱ्यात एक काळा मणी. हे कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रभूला ठाऊक होतं, आणि तीच तर खरी अडचण होती.

भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.ए. करताना तिला तर्कशास्त्र होतं. त्याचा उपयोग एवढाच झाला की स्वतःची कोंडी तिला लख्ख दिसायची. दोरा ठेवला तर देव रागावणार, दोरा काढला तर नजर लागणार. दोन्ही वाटांच्या शेवटी छबीच. मग ती रात्रंदिवस त्या चार महिन्यांच्या जिवाकडे बघत बसायची. श्वास मोजायची, कपाळाला हात लावायची, माणसांच्या नजरा कुठे थांबतात ते पाहायची.

तिला कोणी वेडी म्हणालं नसतं. दोन वर्षांपूर्वी याच अंगणातून कुंताआत्यांनी तिच्या पहिल्या लेकीला, उषाला, बाप्तिस्म्याला उचलून नेलं होतं. आठवडा पुरता उलटला नाही तोच उषा तापानं गेली. साकोलीच्या डॉक्टरनं न्यूमोनिया सांगितला. एकोडी गावानं मात्र काही सांगितलं नाही. फक्त कुंताआत्यांचं नाव निघालं की बाया गप्प व्हायच्या. मूल नाही, नवरा लवकर गेलेला, लाखांदूरला एकटी राहून दोन एकरांत धान लावणारी बाई. एवढं गप्प बसायला पुरेसं होतं.

आणि या घरची रीत अशी, की तिला टाळताही येईना. चंद्रकांतेचे आजेसासरे दादाजी यांनी घरादारासकट ख्रिस्त स्वीकारला तेव्हाच दोन गोष्टी ठरवून दिल्या होत्या. बारशात आत्याचा मान असतो, तो नव्या धर्मात बुडू नये, म्हणून बाप्तिस्म्याला मूल आत्यानंच उचलून न्यायचं. आणि त्या सकाळी मुलाला अंगणात, सगळ्यांसमोर आंघोळ घालायची; अंगावरचा दोरा, ताईत, करदोडा जे असेल ते काढून चुलीत घालायचं. चंद्रकांतेच्या नवऱ्याला, इश्वरला, बहीण नव्हती. राहता राहिली त्याच्या बापाची बहीण, कुंताआत्या.

कुंताआत्या शनिवारी संध्याकाळीच आल्या होत्या, साकोलीला गाडी बदलून. आल्यापासून छबीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. चंद्रकांतेनं हेही टिपलं होतं. पाहत का नाहीत? मनात काय आहे?

रविवारी उन्हं अंगणात उतरली, तशी गोमाजींची हाक आली. “चला, आना पोरीले! प्रार्थनाघराची घंटा होऊन राहिली थोड्या वेळात.”

गोमाजी म्हणजे सासरे. प्रार्थनाघराच्या मंडळीत वडील म्हणून निवडलेले, आवाज खळ्यावरून तळ्यापर्यंत जाणारा. गावातल्या किती जणांचे ताईत त्यांनी स्वतःच्या हातानं तोडले होते.

“मामाजी, गारठा आहे आज,” चंद्रकांता दारातून म्हणाली. “आंघोळ आतच घातली तर?”

“माह्या बापानं घालून देलेली रीत हाये, सूनबाई. इश्वरची आंघोळ आंगनात झाली, डोमाची झाली.”

“अन् त्या दिवसापासून मी आंघोळीचा धसकाच घेतला,” धाकटा दीर डोमा म्हणाला. तो पाण्याचा गुंड, पितळी हंडा, भरत होता.

चंद्रकांतेनं छबीला साधं झबलं घालून बाहेर आणलं. पांढरं झबलं आंघोळीनंतर घालायचं, तोवर कोण बघतंय, असा तिचा हिशेब होता. गोदावरीबाई पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. छबीला त्यांनी पायांवर पालथं घातलं, तेल चोळायला घेतलं. कुंताआत्या पार तिकडे भाताच्या तणसाच्या ढिगाजवळ पाठ करून पोपटाच्या, वालासारख्या, शेंगा सोलत होत्या.

“थांब,” गोमाजी वाकले. “तळपायाले काय हाये?”

छबीच्या उजव्या तळपायावर काजळाचा टपोरा ठिपका होता.

गोदावरीबाईंनी तेलाचा हात भरभर फिरवला. “चुलीजवळ गेली असन.”

“कोन? ही? चार महिन्याची?”

“चालत गेली का गाडी करून, आई?” डोमानं विचारलं.

“तू गप रे! पायाले कोन पाहते म्हनून तिथं लावलं. गालाले लावलं असतं तर तुमी बोंबलले असते.”

गोमाजींचा चेहरा तापत चालला. “इश्वर! पाळना आन इकडे. पाहूच दे काय काय हाये या घरात.”

इश्वर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वर्गात विज्ञान शिकवायचा, ग्रहणाच्या दिवशी मुलांना मुद्दाम भेळ खायला घालायचा. त्यानं पाळणा उचलला तेव्हा चंद्रकांतेला दिसलं, की तो एका बाजूनं फारच जपून धरतोय. ओसरीची पायरी उतरताना त्याचा पाय अडखळला आणि पाळण्याच्या तळातून बैलाच्या खुराची नाल खणकन दगडावर पडली.

“ते... वजन आहे,” इश्वर म्हणाला. “पाळणा वाऱ्यानं हलू नये म्हणून.”

“शास्त्रीय हाये म्हना,” डोमा म्हणाला.

चंद्रकांता नवऱ्याकडे पाहतच राहिली. आठ दिवसांपूर्वी याच माणसानं तिला समजावलं होतं, नजर-बिजर काही नसते, तू शिकलेली आहेस. तिला हसू फुटणार होतं. पण तेवढ्यात गोदावरीबाईंनी पाटाजवळचं पांढरं झबलं ऊब द्यायला मांडीवर घेतलं, आणि तिला पट्टीतला दोरा आठवला.

“इथं काय टोचते?” गोदावरीबाईंनी पट्टी चाचपली. मग सुनेकडे पाहिलं. झबलं गुपचूप घडी करून त्या बाजूला ठेवूही लागल्या होत्या. पण गोमाजींनी ते घेतलं, दातानं टाका तोडला, दोरा ओढून काढला. काळा मणी त्यांच्या हातावर आला.

“तू पन, सूनबाई? शिकली सवरलेली तू?”

चंद्रकांतेनं मान खाली घातली.

“आज बाप्तिस्मा नाई होत,” गोमाजी म्हणाले. “हे घर शुद्ध नाई. सारे जन उपास करा, मंडळीपुढं उभे राहून कबूल करा. अन् मंग देवाची मर्जी झाली तर नाताळाच्या पुढं पाहू.”

तेव्हा गोदावरीबाईंचा आवाज चढला. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचा तो आवाज चंद्रकांतेनं या घरात पहिल्यांदाच ऐकला.

“हो? मंग थांबा जराशे. या पोरीच्या मोहरीच्या उशीत काय कडक लागते, ते मले किती दिवसाचं पाहाचं होतं.”

“उशी राहू दे,” गोमाजी घाईनं म्हणाले.

“काहून राहू दे?”

गोदावरीबाईंनी पाळण्यातली उशी ओढून तिची शिवण फाडली. मोहरी अंगणभर सांडली, कोंबड्या धावत आल्या, आणि कोंबड्यांच्या पायांतून तांब्याची एक लहानशी नळी घरंगळत गोमाजींच्याच वहाणेला येऊन टेकली.

डोमानं ती उचलली, टोपण काढलं. आतून कागदाची सुरळी निघाली. त्यानं उलगडली आणि डोळे विस्फारले. “बाबा, हे तर तुमच्या पवित्र शास्त्रातलं पान हाये. देव आपल्या पंखाखाली झाकते, ते स्तोत्र.”

“ते ताईत नोहे,” गोमाजी म्हणाले. “ते वचन हाये.”

“वचन वाचाचं असते का नळीत भराचं असते?” गोदावरीबाई म्हणाल्या. “अन् पोरीले काय वाचता येते?”

डोमा आधी हसला. मग इश्वर. मग गोदावरीबाईंचे पाय हसण्यानं हलायला लागले आणि पायांवरची छबी झोपाळ्यावर बसल्यासारखी झुलू लागली. चंद्रकांतेलाही आवरेना. सगळ्या घरानं एकमेकांपासून लपून एकाच लेकराभोवती कुंपण घातलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच पापी.

हसता हसता तिची नजर तणसाच्या ढिगाकडे गेली. कुंताआत्या उभ्या होत्या. शेंगांचं सूप हातात तसंच. त्या कधी वळल्या कोणाला कळलं नव्हतं.

एकेकाचं हसू विझत गेलं. कुंपण कोणाविरुद्ध होतं, हे सगळ्यांना एकदमच आठवलं.

“नाल कोनत्या बैलाची होय रे, इश्वर?” कुंताआत्यांनी विचारलं.

“ढवळ्याची, आत्या.”

“मंग चांगली हाये. ढवळ्या गुनाचा होता.” त्यांनी सूप खाली ठेवलं. “काजळ, नाल, मनी, नळी. अरे, एवढा बंदोबस्त तर निवडनुकीले पोलिसाईचा नसते. अन् सारा माह्या दोन डोळ्यासाठी? त्यातला एक तं मोतीबिंदूनं कवाचा गेला, बाप्पा!”

त्या खरोखर हसल्या. पण बाकी कोणी हसलं नाही, आणि मग त्यांचंही हसू मध्येच मोडलं.

“कुंते,” गोमाजी म्हणाले, “आमच्या मनात तसं नव्हतं.”

“होतं, दादा. माह्याही मनात होतं. काल आली तवापासून मी पोरीकडे पाहून नाई राहिली. उषा गेली ना, तवा मले वाटलं माह्यानंच गेली. मी हात लावला म्हनून. दोन वर्षं झाले, रोज रात्री म्हनतो, प्रभू, मले माफ कर. सकाळी उठून पुन्हा तेच. तुमी प्रार्थनाघरात सांगता, त्यानं माफ केलं, फुकट केलं, हात पुढं करा अन् घ्या. मले घेताच नाई आलं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “मी पाचच्या गाडीनं जातो. पोरीले वहिनी नेईन.”

चंद्रकांतेनं ते शब्द मनात पुन्हा म्हटले. रोज रात्री, रोज सकाळी. तिची स्वतःचीही प्रार्थना हीच होती, शब्द तेवढे वेगळे. छबीला राख, मी दोरा काढीन. छबीला राख, मी उपास करीन. छबी पोटात आली तेव्हापासून ती देवाशी बाजारातल्यासारखी घासाघीस करत होती, आणि देव एकदाही किंमत सांगत नव्हता.

“आता तं नाईच होत बाप्तिस्मा,” गोमाजी ओसरीच्या पायरीवर बसले. आवाज पार बसला होता. “मी वडील मंडळीचा. माहीच नळी निघाली. कोन्या तोंडानं जाऊ? आधी स्वतःले धुवा लागते, मंग देवापुढं जावा लागते.”

“हे पाहा,” गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांचा हात छबीच्या पाठीवरून साबण फिरवत होता. “माह्या पायावर ही पोरगी हाये. हिच्या कानामागं दूध साचलं, गळ्यात मळ हाये, काजळ तं मीच फासलं. आता हिले म्हनू का, आधी साफ होऊन ये, मंग मी आंघोळ घालतो?”

गोमाजी वहाणेनं जमिनीवरची मोहरी सारत राहिले.

“मळलेल्या लेकराले आंघोळ घालते माय, का धुतलेल्याले? तुमी दर रविवारी कृपा, कृपा म्हनून मेज ठोकता. मले वाटे तुमाले समजली असन. उपास करून, कबूल करून, पाय धुऊन भेटते ती कायची कृपा? ती तं मजुरी झाली. डोमा, पानी टाक. थंडं होऊन राहिलं.”

डोमानं पाणी ओतलं. छबी एकदा किंचाळली, मग पाण्याची गंमत वाटून गप्प झाली. गोमाजी पाहत होते. थोड्या वेळानं ते उठले, आतून कोरडं फडकं आणलं आणि बायकोपुढे धरलं. चंद्रकांतेनं त्यांना कधी घरातलं फडकं हातात घेतलेलं पाहिलं नव्हतं.

“नळी चुलीत घाल, डोमा,” ते म्हणाले.

“अन् पान?”

“पान दे इकडे. चिकटवीन. वाचाले.”

काजळ धुऊन गेलं. मणी आणि दोरा चुलीत गेले. नाल इश्वरनं गोठ्यातल्या जुन्या लोखंडात फेकली. छबीला पांढरं झबलं घातलं, टोपी घातली, आणि ती नुसती छबी उरली, अंगावर कशाचीच राखण नसलेली.

“द्या वहिनीजवळ,” कुंताआत्या दुरूनच म्हणाल्या. “घंटा होईन.”

गोदावरीबाईंनी हात पुढे केले. “बरं. मी घेतो मंग.”

चंद्रकांतेनं सगळ्यांकडे पाहिलं. पाहायची सवयच होती तिला. इश्वरचे खांदे सैल झाले. गोमाजींनी सुस्कारा सोडला. डोमासुद्धा पाण्याच्या गुंडाकडे वळला. सगळ्यांना बरं वाटलं होतं, आणि कोणाला ते कळलंही नव्हतं. कुंताआत्यांना मात्र कळलं होतं. त्यांनी पुन्हा सूप उचललं होतं.

दोरा जळाला, पण ज्या भीतीनं शिवला होता ती अजून सुटली नाही, असं तिला वाटलं. तिला पळून घरात जावंसं वाटलं, छबीला घेऊन, दार लावून. त्याऐवजी तिनं सासूच्या हातातून छबीला घेतलं आणि मोहरी टिपणाऱ्या कोंबड्यांतून चालत तणसाच्या ढिगापाशी गेली.

“आत्याबाई, बसा.”

“कायले?”

“बसा तर.”

कुंताआत्या बसल्या. चंद्रकांतेनं छबीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“नको, माय. तुह्या जिवाले घोर.”

“घोर आहेच,” चंद्रकांता म्हणाली. “उषा तापानं गेली. डॉक्टरनं सांगितलं होतं आणि मला ठाऊक होतं. तरी तुम्हाला एक पत्र टाकलं नाही, की आत्याबाई, तुमच्यामुळे नाही. मला कोणीतरी लागत होतं बोट दाखवायला. नाहीतर बोट माझ्याकडेच वळायचं. आता बघा हिच्याकडे. नीट बघा. काजळ नाही, काही नाही.”

कुंताआत्यांनी बराच वेळ डोळे मिटूनच घेतले होते. मग उघडले. एक पांढुरका, एक काळाभोर. छबीनं त्या काळ्याभोर डोळ्याकडे टक लावून पाहिलं, ओठांचा चंबू केला, आणि आत्याच्या कोऱ्या, निळ्या काठाच्या लुगड्यावर मनमोकळी शू केली.

“अवं अवं अवं!” कुंताआत्या ओरडल्या, पण पोरीला घट्ट धरून.

“झाला बाप्तिस्मा,” डोमा म्हणाला. “आत्याचा!”

या वेळी सगळे हसले, आणि कुंताआत्या सर्वांत उशिरापर्यंत हसत राहिल्या. गोदावरीबाईंनी पेटीतलं स्वतःचं लुगडं काढून दिलं. ते नेसून, छबीला छातीशी धरून, कुंताआत्या प्रार्थनाघराकडे निघाल्या तेव्हा घंटा कधीच थांबली होती. वाटेत पिंपळाच्या पारावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. चंद्रकांता आत्यांच्या शेजारून चालत होती. तिनं त्या बायांना “या जेवायला” म्हणून हाक दिली.

पाळकसाहेबांनी विचारलं, “लेकरू कोणी आणलंय?”

“मी. आत्या,” कुंताआत्या म्हणाल्या, सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं. छबीचं नाव सुशीला ठेवलं गेलं. घरात तिला कोणी कधी त्या नावानं हाक मारली नाही, हा भाग वेगळा. त्या दिवशीचा उपदेश गोमाजींनी करायचा होता. त्यांनी मेज एकदाही ठोकलं नाही. ओलं लेकरू आणि आंघोळ घालणारी माय, एवढंच सांगितलं, आणि नळीचंही सांगितलं. मंडळी आधी चपापली, मग मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. एका म्हाताऱ्यानं सदऱ्याच्या आत हात घालून काहीतरी चाचपल्याचं चंद्रकांतेनं पाहिलं. तिनं दुसरीकडे मान वळवली.

दुपारी अंगणात पंगत बसली. चिन्नोर तांदळाचा वाफाळता भात, मटण, पोपटाच्या शेंगांची भाजी. पिंपळाखालच्या बायाही आल्या होत्या. चंद्रकांता वाढत होती. कुंताआत्या खाटेवर छबीला घेऊन बसल्या होत्या. पाचच्या गाडीचं नाव अजून कोणी काढलं नव्हतं.

छबी शिंकली. एकदा, आणि लगेच पुन्हा.

पंगत थांबली. गोदावरीबाईंचा पळा भांड्यातच राहिला. गोमाजींचा घास तोंडापाशी थांबला. बायांनी एकमेकींकडे पाहिलं, मग कुंताआत्यांकडे, मग चंद्रकांतेकडे.

कुंताआत्यांचा चेहरा उतरला. त्यांनी छबीला उचलून पुढे केलंही. “घे, माय. घे लवकर.”

चंद्रकांतेच्या मनात तीच जुनी भीती उठली. ती कुठे गेली नव्हती. पाय आपोआप खाटेकडे वळले होते. तिनं ते थांबवले. भीती असू दे, तिच्या मनात आलं. तिचं आज ऐकलंच पाहिजे असं थोडंच आहे.

“गारठा आहे, आत्याबाई,” ती म्हणाली. “पदरात घ्या तिला, डोक्यावरून. मला अजून अर्धी पंगत वाढायची आहे.”

“वहिनी, इकडे रस्सा,” डोमा म्हणाला, आणि पंगतीचा गलका पुन्हा सुरू झाला.

कुंताआत्यांनी छबीला परत जवळ ओढलं, पदर तिच्या डोक्यावरून घेतला आणि आपलं तोंडही त्यात खुपसलं. पदराआडून काहीतरी बोबडं बोलणं ऐकू येऊ लागलं. छबी आता चंद्रकांतेला दिसत नव्हती. तिनं भाताची टोपली कमरेवर घेतली आणि पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली.